दुर्बिणीतलं चित्र कशामुळे स्पष्ट दिसतं?

पुण्यात ससूनसारखं सरकारी रुग्णालय असो की डेक्कनवरचं खासगी केंद्र, कोलोनोस्कोपीचा, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने तपासण्याचा विषय निघाला की यंत्र नवं आहे का, ही चौकशी आधी होते. चौकशी रास्त आहे, पण ती पहिली नसावी. १९५७ मध्ये डॉ. बेसिल हिर्शोविट्झ यांनी वापरलेल्या दुर्बिणीत काचेच्या तंतूंचा जुडगा होता. एक तंतू म्हणजे चित्रातला एक ठिपका, तंतू तुटला की तिथे काळा डाग. १९८३ मध्ये नळीच्या टोकालाच कॅमेऱ्याची चिप आली. साध्या चिपमध्ये एक ते चार लाख पिक्सेल असत, एचडीत ते दहा लाखांपुढे गेले. ठिपके कित्येक पटींनी वाढले, मग निदानही तेवढंच वाढलं का? २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा ॲडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणारी गाठ सापडण्याचं प्रमाण एचडीमुळे सुमारे साडेतीन टक्क्यांनीच वाढलेलं दिसलं. हा फायदा खरा आहे, नाकारण्याचं कारण नाही. प्रकाशाचंही तसंच. ४१५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्यामुळे वरच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या तपकिरी उठून दिसतात आणि दिसलेली गाठ कोणत्या जातीची, हे ओळखायला मदत होते.

पण आतड्याच्या मळ चिकटलेल्या भिंतीवर ना जादा पिक्सेल कामाचे, ना निळा प्रकाश. घडीमागे दडलेली गाठ तर नळी सावकाश मागे घेत, प्रत्येक घडी उलगडून पाहिल्याशिवाय चित्रात येतच नाही. अमेरिकेतल्या १२ डॉक्टरांच्या तपासण्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नळी बाहेर काढताना सरासरी सहा मिनिटं किंवा अधिक वेळ देणाऱ्यांना २८.३ टक्के रुग्णांत अशा गाठी सापडल्या, घाई करणाऱ्यांना ११.८ टक्क्यांत. एचडीने पडणाऱ्या फरकाशी हा आकडा ताडून पाहावा. रांगेत इतके रुग्ण असताना वेळ कुठून आणायचा, असं कुणी म्हणेल. अडचण खरी आहे. पण निसटलेली गाठ पुढे कर्करोग होऊन आली, तर रुग्णाचे आणि रुग्णालयाचेही कितीतरी अधिक दिवस खर्ची पडतात. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या तीन लाखांहून अधिक तपासण्यांतून दिसलं की डॉक्टरांचं गाठी शोधण्याचं प्रमाण एका टक्क्याने वाढलं, की त्यांच्या रुग्णांना नंतर आतड्याचा कर्करोग होण्याचा धोका तीन टक्क्यांनी घटतो. आपल्याकडच्या प्रत्येक केंद्राने हे प्रमाण मोजून जाहीर करावं. आणि आतडं स्वच्छ व्हावं म्हणून रुग्णांनी जुलाबाचं औषध सांगितलेल्या वेळी, पूर्ण घ्यावं. ‘चव नको वाटते’ म्हणून अर्धं सोडू नये.