हिशेब तपासणी समिती कशासाठी?



वार्षिक अहवालाची पुस्तिका घरी आली की आपण आधी ऊसदराचे पान उघडतो. लेखापरीक्षकांचे शेरे बारीक टाइपात मागे असतात, ते वाचायचे राहून जातात. ऊस विकासवाल्याने बेणे-लागण सोडून हिशेबात कशाला डोके घालावे, असेही कोणी म्हणेल. पण टनाला पदरात काय पडणार, हे शेतात ठरते तसे वहीतही ठरते.

एफआरपीतून तोडणी-वाहतूक वजा होऊनच रक्कम आपल्या खात्यावर येते. हा खर्च फुगला तर कुणाचे जाते? आपलेच. मुकादमांना हंगामाआधी दिलेली उचल घ्या. टोळी आली नाही आणि वसुलीही झाली नाही, तरी ती रक्कम ताळेबंदात 'येणे' म्हणून वर्षानुवर्षे दिसत राहते. कागदावर मालमत्ता, हातात काही नाही! शिवाय २०१३ च्या राज्याच्या ऊसदर कायद्यात साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नाच्या ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या ७५ टक्के असे सूत्र आहे. म्हणजे मळी नि बगॅस किती व कोणत्या भावाने गेली, याची नोंद चोख हवी.

लेखापरीक्षक आपणच वार्षिक सभेत, शासनमान्य नामिकेतून नेमतो. लागोपाठ तीन वर्षांपेक्षा जास्त तोच नेमता येत नाही. पण त्याचा अहवाल येतो वर्ष सरल्यावर. मधल्या काळात लक्ष ठेवायला संचालकांतलीच एक छोटी समिती हवी. खरेदी किंवा तोडणीचे काम ज्यांच्याकडे आहे, ते त्यात नकोत. आपल्याच कामाची तपासणी आपणच कशी करणार? समितीने गोदामातली पोती नोंदवहीशी व बँकेच्या तारणाशी ताडावीत, उचलीची थकबाकी मुकादमवार मागवावी, आणि व्यवस्थापनातले कोणी समोर नसताना लेखापरीक्षकाशी बोलावे. हे शेवटचे फार महत्त्वाचे.

मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने अशी समिती सक्तीची आहे. किमान तीन संचालक आणि त्यांत स्वतंत्र संचालकांचे बहुमत. नागरी सहकारी बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ती लावून दिली आहे. अर्थात नुसती समिती असून भागत नाही. हैदराबादच्या सत्यम कंपनीतही ती होती. तरी जानेवारी २००९ मध्ये अध्यक्षांनीच कबूल केले, की हिशेबात दाखवलेले सुमारे ५,०४० कोटी रुपये मुळात नाहीतच. बँकांतल्या शिल्लकेची खातरजमा परस्पर बँकेकडून केली असती, तर हे आधीच उघडे पडले असते.

आपल्याकडे सहकार कायद्याच्या ८२ व्या कलमाप्रमाणे लेखापरीक्षकाने दाखवलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. सभेला येताना मागच्या वर्षीची पुस्तिकाही पिशवीत घ्या. तोच शेरा यंदा पुन्हा छापलेला दिसला, तर पान क्रमांक सांगून विचारा, की दुरुस्ती अहवालात यावर काय लिहिले होते.