सुतारकामाच्या खोलीतील हवा

सुताराच्या रंध्यातून निघणारे ढलपे पायांशी पडतात. करवतीचा जाड भुसाही लवकरच खाली बसतो. खरे भय आहे ते काचकागदाने लाकूड घासताना उडणाऱ्या पिठासारख्या धुळीचे. तिच्यातील कित्येक कण मिलीमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात, आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर जातात.

इंग्लंडमधील हाय वायकम हे गाव खुर्च्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. एरवी क्वचितच आढळणारा नाकाचा एक कर्करोग तेथील कामगारांत वारंवार दिसतो, ही गोष्ट एस्मी हॅडफील्ड या महिला शल्यचिकित्सकाच्या ध्यानात आली. त्याविषयीचे संशोधन १९६८ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगजनक पदार्थांत केली.

ज्याला अंगणात किंवा मोकळ्या पडवीत काम करता येते, त्याला वाऱ्यासारखा दुसरा गाळणारा नाही. बंद खोलीत मात्र यंत्राचे साहाय्य घ्यावे लागते. आता १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच खोली घेऊ. तिच्यात १२०० घनफूट हवा मावते. ही सर्व हवा तासातून ८ वेळा गाळली जावी असे म्हटले, तर दर मिनिटास १६० घनफूट हवा गाळणीतून जावयास हवी. पंख्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतील असतो. गाळणी लावताच तो बराच उतरतो. म्हणून पंखा गरजेच्या दुप्पट तरी क्षमतेचा असावा.

असे यंत्र घरीही करता येते. अमेरिकेतील रिचर्ड कोर्सी व जिम रोझेन्थल यांनी २०२० साली, कोरोनाच्या साथीत, एक सोपी पेटी प्रचारात आणली. चार चौकोनी गाळण्या या तिच्या भिंती, तळाशी पुठ्ठा, आणि वर हवा बाहेर फेकणारा पंखा. गाळण्या चार का? हवेला वाट जितकी रुंद, तितका पंख्यावरील ताण कमी. गाळणीवरील बाणाची दिशा पेटीच्या आत असावी आणि सांधे चिकटपट्टीने बंद करावेत. फट राहिली की हवा न गाळता तिच्यातूनच आत शिरते. सुतारकामासाठी बाहेरून एक जाडसर गाळणीही लावावी, नाहीतर आतील महाग गाळणी भुशानेच भरून जाते.

तरीही एक गोष्ट विसरू नये. धूळ या पेटीपर्यंत पोहोचण्यापूर्वी काम करणाऱ्याच्या नाकावरून जाते. म्हणून घासताना तोंडावर चांगला मुखपट्टा हवा, आणि शक्य तर धूळ हत्याराजवळच शोषून घेणारी नळीही हवी. पेटी ही उरलेल्या धुळीसाठी. काम संपल्यावरही ती तासभर चालू ठेवावी. हवेचा झोत मंदावला की गाळणी भरली असे समजावे व ती घराबाहेर नेऊन बदलावी. ती पाण्याने धुऊ नये. धुतल्याने तिचे सूक्ष्म कण अडविण्याचे सामर्थ्य जाते.