सूडाची दोन कलमे : पोच्या 'द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो' या कथेतील प्रतीक आणि उपरोध

एडगर अॅलन पो (१८०९-१८४९) याची 'द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो' ही कथा नोव्हेंबर १८४६ मध्ये फिलाडेल्फियाच्या 'गोडीज लेडीज बुक' या मासिकात प्रसिद्ध झाली. फॅशनच्या रंगीत चित्रांसाठी नावाजलेल्या स्त्रियांच्या मासिकात जिवंत माणसाला भिंतीत चिणण्याची कथा यावी, हा योगायोगाचा उपरोध म्हणावा लागेल. कथानक एका परिच्छेदात सांगता येण्याजोगे आहे. इटलीतील एका अनाम शहरात, कार्निव्हलच्या उत्सवातील एका संध्याकाळी, माँत्रेसॉर हा आपल्या फोर्चुनाटो नामक परिचिताला अमॉन्टिलाडो या दुर्मीळ मद्याचे आमिष दाखवून घराखालच्या तळघरात नेतो. हे तळघर म्हणजे मद्याचे कोठार आणि पूर्वजांच्या अस्थींचे भुयारही आहे. तेथील एका कोनाड्यात तो फोर्चुनाटोला साखळदंडाने जखडतो आणि कोनाड्याचे तोंड दगडांनी बंद करतो. पन्नास वर्षांनंतर तो स्वतःच हा वृत्तान्त सांगत आहे.

या कथेतील उपरोधस्थळांची नोंद करणे अवघड नाही. 'फोर्चुनाटो' म्हणजे भाग्यवान. भाग्यवानाच्या वाट्याला जे येते ते सर्वज्ञात आहे. त्याचा वेष विदूषकाचा, डोक्यावर घुंगरांची निमुळती टोपी. खोकल्याने आपण मरणार नाही असे तो म्हणतो आणि माँत्रेसॉर त्याला मनापासून दुजोरा देतो. तो तेथे पुरलेल्यांच्या नावाने प्याला उचलतो, तर माँत्रेसॉर फोर्चुनाटोच्या दीर्घायुष्यासाठी. अध्यापनात सहसा या नोंदीवरच विवेचन थांबते आणि उपरोध हा माँत्रेसॉरच्या हातातील एक धारदार हत्यार ठरतो. परंतु कथेतील उपरोध तेवढाच असता तर ती एका चतुर खुन्याची चातुर्यकथा उरली असती. माँत्रेसॉरने योजलेली प्रतीके आणि त्याच्या नकळत कथेत आलेली, त्याने वारशाने उचललेली प्रतीके, असे दोन स्तर वेगळे केले, म्हणजे उपरोधाची दिशा पालटते.

या भेदासाठी कथेच्या प्रारंभाकडे जावे लागते. सूड कशाला म्हणावे, याची दोन कलमे माँत्रेसॉर तेथे मांडतो. पहिले असे की, सूड घेणाऱ्यावर प्रतिफळाचे संकट येता कामा नये. तसे झाले तर अन्यायाचे परिमार्जन झाले असे म्हणता येत नाही. दुसरे असे की, ज्याच्यावर सूड उगवायचा त्याला सूड घेणारा कोण, हे सूड घेणारा म्हणून कळले पाहिजे. कथेच्या आरंभीच न्यायाधीशाच्या भाषेत आलेली ही व्याख्या म्हणजे वाचकाच्या हाती दिलेला मापदंड होय. गुन्ह्याच्या नैतिकतेविषयी कथा एक शब्दही बोलत नाही; निवेदकाला निवेदकाच्याच मापाने मोजण्याची सोय मात्र ती करून ठेवते.

पोच्या कथाविचाराशी हे सुसंगतच आहे. हॉथॉर्नच्या कथांवरील १८४२ च्या परीक्षणात त्याने लघुकथेतील प्रत्येक घटक एका पूर्वनियोजित परिणामाच्या सेवेस लागावा, असा आग्रह धरला होता. आणि एप्रिल १८४६ मधील आपल्या काव्यरचनाविषयक निबंधात शेवट आधी निश्चित करून मग लेखन करण्याची पद्धत सांगितली होती. अमॉन्टिलाडोची कथा त्यानंतर सातच महिन्यांनी प्रसिद्ध झाली. टॉमस डन इंग्लिश या लेखकाशी पोचे त्याच वर्षी जे जाहीर वैर झाले, त्याच्याशी या कथेचा संबंध काही अभ्यासकांनी जोडला आहे. कथेच्या प्रेरणेवर त्यातून प्रकाश पडत असेल. तिच्या रचनेवर पडत नाही.

माँत्रेसॉरने योजलेला उपरोध हा संस्कृत साहित्यशास्त्रातील विपरीतलक्षणेच्या जातीचा आहे. वाच्यार्थ हिताचा आणि अभिप्रेत अर्थ घाताचा, हा प्रकार मराठी अभ्यासकाला परिचित आहे. माँत्रेसॉर फोर्चुनाटोला वारंवार परत फिरण्याचा सल्ला देतो, त्याच्या प्रकृतीची काळजी वाहतो, लुकेसी या दुसऱ्या जाणकाराकडे जाण्याचा विचार बोलून दाखवतो; आणि प्रत्येक सल्ल्यासरशी फोर्चुनाटो एकेक पाऊल पुढे पडतो. मात्र विपरीतलक्षणा साधते ती श्रोत्याला वक्त्याचा हेतू ठाऊक असल्यामुळे. येथे समोरच्या श्रोत्याला तो ठाऊक नाही. तो ठाऊक आहे पन्नास वर्षांनंतरच्या श्रोत्याला आणि वाचकाला. म्हणजे माँत्रेसॉर जे बोलतो त्याचा रस घेणारा त्या तळघरात दुसरा कोणी नाही. उपरोधकाराचे हे एकाकीपण दुसऱ्या कलमाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

थापीचा प्रसंग याच प्रकारचा. फोर्चुनाटो फ्रीमेसन पंथाची गुप्त खूण करतो. माँत्रेसॉरला ती कळत नाही. आपणही 'मेसन' आहोत असे सांगून तो झग्याच्या आतून गवंड्याची थापी काढून दाखवतो. श्लेष इंग्रजी शब्दावरचा असल्याने मराठीत तो नीट उतरत नाही. खुनाचे साधन बळीच्या डोळ्यांसमोर धरले जाते आणि त्याला ते थट्टा वाटते, एवढे मात्र कोणत्याही भाषेत पोचते. अमॉन्टिलाडो आणि शेरी यांतला फरक लुकेसीला कळत नाही, असे फोर्चुनाटो तुच्छतेने म्हणतो. वस्तुतः अमॉन्टिलाडो हा शेरीचाच एक प्रकार. ही चूक पात्राची की लेखकाची, याविषयी मतभेद संभवतात. कथेच्या दृष्टीने ती पात्राची मानणे अधिक फलदायी आहे. आणि ज्याच्या पारखीवर सारा बेत उभारला आहे ते पिंप कथेत कोठेही नाही. शीर्षकाने ज्याचे नाव धारण केले ती वस्तूच अस्तित्वात नसावी, हे या कथेचे मध्यवर्ती प्रतीक होय. ज्या 'अपमाना'साठी हा सूड, तोही वाचकाला कधी दाखवला जात नाही. पिंप आणि अपमान या दोन्ही गोष्टी केवळ माँत्रेसॉरच्या शब्दावर उभ्या आहेत.

याउलट कुलचिन्हाचे प्रतीक माँत्रेसॉरने घडवलेले नाही. ते त्याला वारशाने मिळाले आहे. निळ्या पार्श्वभूमीवर एक प्रचंड सोनेरी मानवी पाऊल, त्याखाली चिरडला जाणारा सर्प आणि सर्पाचे दात त्याच पावलाच्या टाचेत रुतलेले. सोबतचे लॅटिन वचन असे सांगते की, आपल्याला डिवचणारा शिक्षेवाचून सुटत नाही. माँत्रेसॉर हे अभिमानाने ऐकवतो. पाऊल म्हणजे आपले घराणे आणि सर्प म्हणजे फोर्चुनाटो, असा त्याचा अर्थ असणार. पण तो उलटाही लावता येतो : श्रीमंत, सन्मानित फोर्चुनाटो हे सोनेरी पाऊल, आणि त्याच्या टाचेखाली सापडून डंख मारणारा माँत्रेसॉर हा सर्प. बायबलच्या उत्पत्तिग्रंथातील सर्प आणि टाच यांचे वैर ज्याला स्मरते, त्याला माँत्रेसॉर कोणत्या बाजूला पडतो हे वेगळे सांगावे लागत नाही. दोन्ही अर्थांत एक गोष्ट मात्र कायम राहते. दोघेही एकमेकांपासून सुटू शकत नाहीत. चिरडणाऱ्याच्या टाचेत विष उतरलेच आहे. पहिल्या कलमाचे खंडन माँत्रेसॉरच्या घराण्याच्या ढालीवर पिढ्यान्‌पिढ्या कोरलेले होते. ते त्याने वाचले नाही.

याच संवादात, आपण हे कुलचिन्ह विसरलो, असे फोर्चुनाटो सहज म्हणून जातो. कथेत अपमान कोठे प्रत्यक्ष घडत असेल तर तो येथे, आणि करणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. आपले घराणे मोठे व विस्तृत होते, असे माँत्रेसॉर भूतकाळात सांगतो. फोर्चुनाटो सुखी आहे, जसा एके काळी आपण होतो, असेही त्याच्या तोंडून निसटते. सूडाच्या मुळाशी एखादे विशिष्ट कृत्य नसून विस्मरणात गेलेल्या कुळाची सल आहे, असे मानण्यास येथे पुरेसा आधार मिळतो. 'माँत्रेसॉर' या नावात फ्रेंच भाषेतील 'माझा ठेवा' हा अर्थ ऐकू येतो, आणि उरलेला ठेवा पाहिला तर तो अस्थींचाच आहे.

भिंत रचली जाऊ लागते तसा उपरोधाचा सूत्रधार बदलतो. तोवर शब्दांवर सत्ता माँत्रेसॉरची होती. आता आतून किंकाळ्या येताच तो क्षणभर थरथरतो, तलवारीने कोनाडा चाचपतो, भिंतीच्या भक्कमपणावर हात ठेवून धीर गोळा करतो आणि मग त्या किंकाळ्यांहून मोठ्याने स्वतःच ओरडू लागतो. फोर्चुनाटो हा सारा प्रकार थट्टा मानू पाहतो, घरी निघण्याची भाषा करतो. माँत्रेसॉर तेच शब्द परत उच्चारतो. देवाची शपथ घालून केलेली शेवटची विनवणीही तो जशीच्या तशी परत करतो. उपहास म्हणून हे वाचता येते, पण ज्याने एवढा वेळ दुसऱ्याला आपल्या शब्दांनी चालवले तो आता दुसऱ्याच्या शब्दांचा प्रतिध्वनी झाला आहे, हेही दिसते. त्यानंतर आत शांतता पसरते. माँत्रेसॉर दोनदा नावाने हाक मारतो. उत्तर येत नाही. फटीतून मशाल आत टाकल्यावर केवळ घुंगरांचा आवाज येतो.

दुसरे कलम येथे निकालात निघते. फोर्चुनाटोला मारणारा कोण हे कळले. का, हे कळले की नाही, याचे उत्तर कथा देत नाही. माँत्रेसॉरने त्याला एकदाही कारण सांगितलेले नाही. त्या दोन हाका विजयाच्या नाहीत. सूडाला साक्षी हवा असतो, आणि तो साक्षीच गप्प झाला आहे. विदूषकाच्या टोपीची घुंगरे आतापर्यंत फोर्चुनाटोच्या मूर्खपणाची खूण होती. शेवटच्या क्षणी ती माँत्रेसॉरच्या प्रश्नाला मिळालेले एकमेव उत्तर ठरतात.

म्हणूनच तो साक्षी पन्नास वर्षांनी शोधावा लागतो. कथेच्या आरंभी माँत्रेसॉर ज्याला उद्देशून बोलतो, त्याला आपल्या आत्म्याचा स्वभाव चांगला ठाऊक आहे, असे तो म्हणतो. हा श्रोता धर्मगुरू असावा आणि हे निवेदन मृत्यूपूर्वीचा कबुलीजबाब असावा, असे अनेक समीक्षकांनी मानले आहे. ते ग्राह्य धरले तर कबुलीत पश्चात्ताप कोठे आहे, हा प्रश्न उभा राहतो. पश्चात्तापाच्या जागी एकच चोरटी नोंद आहे : घुंगरे वाजताच मन विषण्ण झाले. आणि लगेच त्याचे कारण तळघरातील ओल, असे दिले आहे. अर्धशतकानंतरही ज्याला त्या एका क्षणासाठी कारण पुरवावे लागते, त्याच्याबाबत पहिले कलम पाळले गेले की मोडले, हे ठरवताना हे एवढे वाक्य पुरेसे व्हावे. कथा ज्या लॅटिन शब्दांनी संपते ते मृताला शांती लाभो असे म्हणणारे आहेत. ते कोणत्या मृतासाठी आहेत, हे माँत्रेसॉर सांगत नाही.