अभिवचने आणि विश्वास – लेखांक ७ : अनाथोथच्या शेताचे खरेदीखत

ज्या अब्राहामाला सबंध देशाचे अभिवचन मिळाले होते, त्याला पत्नीच्या दफनासाठी लागणारी भूमीही ४०० शेकेल रुपे मोजून विकत घ्यावी लागली, हे आपण मागील लेखांकात पाहिले. आज जमिनीच्याच दुसऱ्या एका खरेदीकडे वळू. ही हकीकत यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायात आहे. आणि परमेश्वराच्या वचनावर विसंबणे म्हणजे नेमके काय करणे, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने जुन्या करारात प्रथम हे प्रकरण वाचावे, असे माझे अनेक वर्षांच्या वाचनानंतरचे मत आहे.

काळ इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमाराचा, यहूदाचा राजा सिद्कीया याच्या कारकिर्दीचे दहावे वर्ष. बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर याच्या फौजेने यरुशलेमेला वेढा घातला होता, तटापर्यंत मातीचे दमदमे येऊन भिडले होते आणि ते थोपवण्यासाठी नगरातील लोकांनी आपली घरे, इतकेच नव्हे तर राजवाडेसुद्धा, पाडावयास घेतले होते. मध्यंतरी वेढा काही काळ उठला असता यिर्मया आपल्या वाट्याच्या वतनासाठी बन्यामीन प्रांताकडे निघाला, तेव्हा शत्रूला फितूर झाल्याचा आरोप ठेवून त्याला वेशीवरच धरण्यात आले. आणि आता राजवाड्यालगतच्या पहारेकऱ्यांच्या चौकात, रोटीवाल्यांच्या आळीतून मिळणाऱ्या रोजच्या एका भाकरीवर, तो कैदेचे दिवस कंठीत होता.

अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल चौकात आला आणि अनाथोथचे आपले शेत तू विकत घे, सोडवणुकीचा हक्क तुझा आहे, असे म्हणाला. लेवीयच्या २५ व्या अध्यायातील नियमाप्रमाणे, अडचणीत सापडलेल्या भाऊबंदाची जमीन कुळाबाहेर जाऊ नये म्हणून जवळच्या नातलगाने ती सोडवून घ्यावी अशी व्यवस्था होती. तेव्हा मागणी रीतसर होती. परंतु अनाथोथ यरुशलेमेपासून ईशान्येस अवघ्या दीड कोसावर, म्हणजे भोवतालचा मुलूख बाबेलच्या फौजेने व्यापलेला. शेतावर कब्जा मिळणे दूरच, त्याच्या बांधावर पाऊल टाकणेही घेणाऱ्याला शक्य नव्हते. शिवाय हे तेच अनाथोथ, जिथल्या लोकांनी पूर्वी, परमेश्वराच्या नावाने बोलशील तर प्राणास मुकशील, अशी धमकी आपल्या या गाववाल्याला दिली होती.

यिर्मयाने शेत घेतले. १७ शेकेल रुपे, म्हणजे आपल्याकडच्या मापाने सुमारे साडेसोळा तोळे, ताजव्यात तोलून दिले. खरेदीखत लिहिले, त्यावर साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि मोहर केली. एक प्रत मोहरबंद आणि दुसरी उघडी, असे दोन्ही दस्तऐवज त्याने चौकात बसलेल्या सर्व यहूद्यांसमक्ष नेरीयाचा पुत्र बारूख याच्या हवाली केले आणि ते पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून मातीच्या भांड्यात ठेवण्यास सांगितले. उघडी प्रत कोणालाही पाहता यावी आणि तंटा उपस्थित झाल्यास मोहर फोडून मूळ लेखाशी ताडता यावे, हा त्या काळच्या दुहेरी दस्तऐवजाचा हेतू होता. ज्या राज्याचे दफ्तर उद्या जळून जाणार, त्याच्या कायद्यातील एकही बाब या माणसाने गाळली नाही! या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे यांची खरेदी पुन्हा होईल, हे परमेश्वराचे वचन त्याने व्यवहार म्हणून स्वीकारले होते, आणि व्यवहार म्हटला की त्याचा कागद चोख असावा लागतो.

हनामेल येणार हे यिर्मयाला आधी सांगितले गेले होते. परंतु तो प्रत्यक्ष आल्यावर हे परमेश्वराचेच वचन होते हे मला कळले, अशा आशयाचे तो लिहितो, आणि त्यावरून त्यापूर्वी त्याच्या मनाची पूर्ण खात्री नव्हती हे दिसून येते. खत बारूखाच्या हाती दिल्यानंतर त्याने प्रार्थना केली. तुला काहीच अशक्य नाही अशा स्तवनाने आरंभलेली ती प्रार्थना, दमदमे नगराला भिडले असताना तू मला पैसे देऊन शेत घे म्हणालास, या कळवळ्यापाशी येऊन थांबते. शंका मनातल्या मनात दडपून बाहेर निश्चयाची मुद्रा धारण करण्याला आपण पुष्कळदा श्रद्धा समजतो. यिर्मयाने आज्ञा आधी पाळली आणि मग शंका ज्याच्या वचनाविषयी होती त्याच्यापुढे, म्हणजे परमेश्वरापुढेच, मांडली. निष्कपट विश्वास तो हाच, असे मी मानतो. देवाने त्याला रागे भरले नाही; मला काही अशक्य आहे काय, असा त्याच्याच शब्दांचा प्रश्न केला, नगर पडेल हेही सांगितले आणि त्यानंतरच परतीचे अभिवचन दिले.

हा क्रम विसरू नये. २९ व्या अध्यायातील अकरावे वचन, हिताचे संकल्प आणि उत्तम भविष्य यांविषयीचे, आपल्या घराघरांतील भिंतींवर टांगलेले असते. दहाव्या वचनातील सत्तर वर्षे मात्र त्या तसबिरीत नसतात. दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल असे सांगणारा हनन्या लोकांना प्रिय वाटावा असाच होता, पण त्याचे वचन परमेश्वराचे नव्हते. अभिवचन संदर्भासह वाचावे ते याकरिता. पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून केडगावी संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोपे मराठी भाषांतर केले, तेही खेड्यातील साध्या स्त्रीला सबंध ग्रंथ स्वतः वाचता यावा म्हणून. १९२२ साली त्या निवर्तल्या आणि ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९२४ साली. पुढील लेखांक येण्यापूर्वी यिर्मयाचे २८ ते ३३ हे सहा अध्याय वाचकांनी सलग वाचावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सिद्कीयाच्या अकराव्या वर्षी, चौथ्या महिन्याच्या नवव्या दिवशी, तटाला खिंडार पडले. यिर्मयाला पुढे त्याच्या इच्छेविरुद्ध मिसरात तहपन्हेस येथे नेण्यात आले. त्या शेताची वहिवाट त्याने केल्याचा उल्लेख शास्त्रात कोठेही नाही. बाबेल जिंकणाऱ्या कोरेश राजाने इसवी सनापूर्वी ५३८ च्या सुमारास यहूद्यांना परतण्याची परवानगी दिली. परत आलेल्यांची गावनिहाय गणती एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, आणि तिच्यातील तेविसाव्या वचनात नोंद आहे : अनाथोथचे लोक, १२८.