पडत्या काळातील निष्ठा

इंग्लंडातील मँचेस्टर नगरीत फुटबॉलचे दोन विख्यात संघ आहेत: युनायटेड आणि सिटी. १९९८ साली सिटीचा संघ घसरत घसरत तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला. युनायटेडने मात्र १९९९ च्या मे महिन्यात तीन मोठी अजिंक्यपदे पटकावली. मग सिटीच्या बालचाहत्यांनी शेजारच्या विजेत्यांना का मिळू नये? शाळेत त्यांची थट्टा काय थोडी झाली असेल! तरीही त्या हंगामात सिटीच्या मेन रोड क्रीडांगणावर दर सामन्यास सरासरी २८ हजार प्रेक्षक जमत. याचे कारण असे की, तेथील मूल बहुधा संघ निवडीत नाही. वडिलांचे बोट धरून ते क्रीडांगणात जाते आणि निळा रंग त्यास घरातूनच लाभतो. ज्यांना असा वारसा नसतो, ती मुले विजेत्याकडे सहज वळतात. त्यांस दोष कशाला द्यावा?

३० मे १९९९ रोजी वेंब्ली येथे श्रेणीबढतीचा निर्णायक सामना झाला. तो संपत आला, तेव्हा सिटीचा संघ दोन गोलांनी मागे होता. कित्येक निष्ठावंतही खिन्न होऊन बाहेर पडले. अखेरच्या क्षणांत सिटीने बरोबरी साधली व पुढे पेनल्टी किकांवर विजय मिळविला. बाहेर गेलेल्यांपैकी काही जण गलका ऐकून धावतच परतले.