आधी हुन्नर, मागाहून परवाना : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्याचा मागोवा

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. यांतले शेवटचे बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर आहे. गेल्या पाऊण शतकात या पट्ट्यात यंत्रे आली, घरोघरी जोडधंदे निघाले, कायदे झाले, वस्ती वाढली. या सगळ्यात एक क्रम वारंवार दिसतो. धंदा किंवा वस्ती आधी उभी राहते आणि नियम मागाहून येतो. मधल्या काळातला तोटा मात्र बहुधा नदीला आणि भाडेकरूपासून घरमालकापर्यंतच्या साध्या कुटुंबांना सोसावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना तिच्या बराकींत उतरवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हासनगर हे नाव रूढ झाले. पत्त्यात मात्र आजही कॅम्प नंबर एक ते पाच असेच लिहितात. विस्थापितांच्या मालमत्तेचा निवाडा करणारा भरपाई व पुनर्वसन कायदा १९५४ मध्ये आला. तोवर पोट थांबणार नव्हते. पापड, लोणची, मिठाई, शिवणकाम असे घरातल्या घरात सुरू होणारे धंदे आधी उभे राहिले. त्यांना भांडवल थोडे लागे, घरातली सगळी माणसे कामाला असत आणि माल मुंबईला न्यायला लोकल होतीच.

अंबरनाथची घडण वेगळी आहे. तिथे विम्कोचा काडेपेटीचा कारखाना स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीचा. पुढे आयुधनिर्माणी आली, १९५३ मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी निघाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एमआयडीसी, स्थापन झाले. भूखंड आखलेले, रस्ते काढलेले, पाणी महामंडळाच्याच बारवी धरणाचे, अशी इथली बैठक होती. इथे परवानगी आधी होती, पण सांडपाण्याचा विचार मागेच राहिला. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चे आणि केंद्राचा कायदा १९७४ चा.

त्या काळात सामान्य घरातल्या यंत्रालाही परवाना लागे. रेडिओ घेतला की टपाल कार्यालयात शुल्क भरून त्याचे लायसन्स काढायचे आणि दरवर्षी नूतनीकरण करायचे. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. परदेशी वस्तूंवर जबर आयातशुल्क असल्याने त्या मोजक्याच घरांत दिसत, पण त्यांची हौस सगळ्यांना होती. ही हौस भागवण्याचे काम उल्हासनगरने केले. सौंदर्यप्रसाधनांपासून विजेच्या उपकरणांपर्यंत, पाहून तशीच वस्तू बनवण्याचे कसब इथल्या कारागिरांकडे होते. मालावरच्या 'मेड इन यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावला जाई. या थट्टेमागे व्यापारचिन्हाचा भंग होता, तशीच टंचाईच्या अर्थव्यवस्थेतली खरी गरजही होती. १९९१ नंतर आयात खुली होत गेली आणि नकलेचा हा बाजार आपोआप ओसरला. तोपर्यंत कारागिरांचा हात कपड्यांवर बसला होता.

तयार कपड्यांचे उत्पादन २००० सालच्या वस्त्रधोरणापर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव होते. त्यामुळे मोठ्या गिरणीऐवजी गल्लीतला गाळाच या धंद्याचे केंद्र ठरला. जीन्सची एक पँट पाहिली तर ही रचना कळते. एका गाळ्यात डेनिमचे थर रचून कटिंग होते. दुसरीकडे नगावर मजुरी घेणारे कारागीर शिलाई करतात. काज-बटण तिसऱ्या ठिकाणी लागते. मग धुलाई : प्युमिस दगड, ब्लीच, पोटॅशियम परमँगनेट यांनी कापडाचा रंग उतरवून पँट जुनी दिसेल अशी करायची. शेवटी सुटे धागे कापायचे काम बायका घरी बसून करतात, इस्त्री होते आणि माल बाजारात जातो. या साखळीत धुलाईला सर्वांत जास्त पाणी लागते आणि तेच निळे पाणी वालधुनी नदीत जात राहिले.

वालधुनी अंबरनाथच्या डोंगरात उगम पावते, अकराव्या शतकातल्या शिवमंदिराजवळून वाहते आणि उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून नदीत सोडलेल्या रसायनामुळे विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. २०१५ मध्ये 'वनशक्ती' संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक संस्थांना कोट्यवधींचा दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढच्या काळात वीज-पाणी तोडून अनेक जीन्स धुलाई कारखाने बंद करण्यात आले. नदीसाठी ही कारवाई उशिराची होती. रोजंदारीवरच्या कामगारांसाठी मात्र ती एकाएकी झाली, कारण मधल्या वर्षांत पर्यायी जागा आणि प्रक्रिया केंद्र उभे राहिले नव्हते.

बांधकामातही हेच घडले. जेमतेम १३ चौरस किलोमीटरच्या उल्हासनगरात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर लोक राहत होते. बराकींच्या जागी परवानगीविना इमारती चढल्या. उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा राज्य सरकारने २००६ मध्ये खास उल्हासनगरपुरता कायदा करून १ जानेवारी २००५ पूर्वीची बांधकामे दंड आकारून नियमित करण्याची वाट काढली. कागद नियमित होतो, स्लॅब होत नाही. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून दहाहून अधिक रहिवासी दगावले. त्यानंतर जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीला जोर आला.

मुंबईतल्या आणि ठाण्यातल्या किमती न परवडणाऱ्या नोकरदारांनी बदलापूर निवडले. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये ९७,९४८ होती, २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. स्वस्त सदनिकेच्या बदल्यात रोजचे तीन तास लोकलमध्ये, हा हिशेब हजारो कुटुंबांनी मान्य केला. बिल्डर आणि ग्राहक यांच्यातल्या व्यवहाराला १९६३ च्या 'मोफा' या सदनिका मालकीविषयक कायद्याचा आधार होता, पण नोंदणी आणि तक्रारीची नेमकी यंत्रणा 'महारेरा' या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकामुळे १ मे २०१७ पासून मिळाली. पुराचा प्रश्न मात्र राहिलाच. उल्हास नदीने २६ जुलै २००५ च्या महापुरात आपले पात्र दाखवले होते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका करावी लागली. पूररेषेचा प्रश्न त्यानंतर घर घेणाऱ्यांच्याही बोलण्यात आला.

अलीकडच्या दशकात जोडधंद्याचे साधन मोबाइल झाला. २०१६ नंतर यूपीआयने पैसे घेणे सोपे केले, व्हॉट्सअॅपवर मालाचे फोटो फिरू लागले, टाळेबंदीत घरून काम करणाऱ्यांनी आणखी एखादा व्यवसाय जोडला. नियम इथेही मागेच होते, पण या वेळी ते लहान विक्रेत्याच्या मापाने कापले जाऊ लागले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर ऑनलाइन मंचावरून माल विकणाऱ्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती, दुकानदाराला मात्र उलाढालीची सवलत होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना या सक्तीतून मोकळीक मिळाली. घरगुती खाद्यपदार्थांसाठी २०११ च्या नियमांनी बारा लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपयांत नोंदणीची सोय ठेवली. १ जुलै २०२० पासून लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य झाली.

या पट्ट्याच्या मागोव्यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. नियम छोट्या धंद्याच्या मापाचा असला आणि वेळेत आला, तर लोक तो पाळतात. पापड लाटणाऱ्या घराला शंभर रुपयांची नोंदणी जड नाही. वीस वर्षे डोळेझाक करून एके दिवशी वीज तोडली, तर नदी सुधारायला वेळ लागतोच आणि कारागीरही देशोधडीला लागतो. घर घेणाऱ्याने महारेरा क्रमांक, भोगवटा प्रमाणपत्र आणि पूररेषा, आणि धंदा काढणाऱ्याने सांडपाण्याची वाट, या गोष्टी पैसे गुंतवण्याआधीच पाहून घ्याव्यात.