लोणारचं विवर आणि अणूची खूण

लोणारच्या काठावर उभं राहिलं की ते अजस्र गोल विवर पाहून माणूस काही क्षण गप्पच होतो. मग सोबतचं कुणीतरी हमखास सांगतं, ‘इथं महाभारतकाळात अणुबॉम्ब पडला होता!’ परदेशी लिखाणातही ‘मुंबईजवळचं विवर’ म्हणून हा दाखला फिरतो. मुंबई तिथून चारशेहून अधिक किलोमीटर दूर आहे, पण ती चूक किरकोळ. मोठी चूक अणुस्फोटाबद्दलची आहे.

युरेनियम-२३५ च्या अणुकेंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की ते दुभंगतं, हेच विखंडन. प्रचंड ऊर्जा आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात, ते पुढची केंद्रकं फोडतात, आणि साखळी सुरू होते. दुभंगलेल्या तुकड्यांतून बेरियम, सीझियम, स्ट्रॉन्शियम, झेनॉन अशी वेगळीच मूलद्रव्यं तयार होतात. विखंडनाचा शोधसुद्धा या तुकड्यांमुळेच लागला. १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना युरेनियमच्या नमुन्यात बेरियम सापडलं आणि ते चक्रावले. हे केंद्रक फुटल्याचं लक्षण आहे, हा उलगडा लिझ माइटनर आणि त्यांचे भाचे ओटो फ्रिश यांनी केला.

म्हणजे विखंडन झालं की मागे खूण राहते. किती काळ? १९७२ साली फ्रान्समधल्या एका प्रकल्पात आफ्रिकेतल्या गॅबॉन देशाचं युरेनियम तपासताना युरेनियम-२३५ चं प्रमाण ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७ टक्के भरलं. एवढासा फरक! पण या द्रव्याचा ग्रॅमन्‌ग्रॅम हिशेब ठेवावा लागतो, म्हणून शोध घेतला गेला. तेव्हा कळलं, की ओक्लो इथल्या खाणीत सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निसर्गतःच अणुभट्ट्या पेटल्या होत्या. त्या काळी युरेनियम-२३५ चं प्रमाण जास्त होतं आणि जमिनीतल्या पाण्यानं न्यूट्रॉनचा वेग कमी केला, त्यामुळे साखळी चालू राहिली. त्या विखंडनातून उरलेली मूलद्रव्यं आजही त्या खडकात मोजता येतात. दोन अब्ज वर्षं टिकलेली खूण पाच हजार वर्षांत पुसली जाईल, हे कसं शक्य आहे?

लोणारला असे अवशेष कुणीही नोंदवलेले नाहीत. तिथं मिळालं ते मॅस्केलिनाइट, म्हणजे प्रचंड धक्क्याच्या दाबानं काचेसारखं झालेलं खनिज. दख्खनच्या बेसाल्टवर उल्का आदळून ते तयार झालं. विवराच्या वयाचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण सगळे दहा हजार वर्षांच्या पलीकडचे; तेव्हा जगात कुठंही नगर नव्हतं. आकाराचंही पाहा. १९६२ साली अमेरिकेनं नेवाडात जमिनीखाली १०४ किलोटनांचा स्फोट केला, त्याचं विवर सुमारे ३९० मीटर रुंद आहे. लोणारचं सुमारे १८०० मीटर. आणि हिरोशिमात तर विवर पडलंच नाही, कारण बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला.

प्राचीन अणुस्फोटाचा पुरावा म्हणून सांगितले जाणारे मोहेंजोदडोचे ‘किरणोत्सारी सांगाडे’ही असेच. ते सांगाडे वेगवेगळ्या थरांतले, वेगवेगळ्या काळातले आहेत, हे पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्येच दाखवून दिलं. शिवाय विटांच्या भिंती आजही तिथं उभ्या आहेत.

राहिलं महाभारत. केस आणि नखं गळाल्याचं वर्णन त्यात आहे, हा किरणोत्साराचा पुरावा, असा मजकूर मोबाइलवर येत असतो. मौसलपर्व उघडून वाचलं तर द्वारकेतल्या अपशकुनांच्या वर्णनात उंदीर रात्री झोपलेल्यांचे केस आणि नखं कुरतडतात, एवढंच सापडतं. मला या खोट्या दाव्याचा राग येतो तो यासाठी, की व्यासांनी उभा केलेला यादवकुळाचा तो करुण अंत वाचायचा सोडून आपण त्यात गायगर काउंटर शोधत बसतो. अणुबॉम्ब बनवणाऱ्या ओपेनहायमर यांचाही दाखला दिला जातो. त्यांनी गीता आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकून वाचली, हे खरं. १६ जुलै १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीच्या वेळी गीतेतलं वचन मनात आलं, असं त्यांनी १९६५ साली दूरचित्रवाणीवर सांगितलं. ती एका वाचकाची आठवण होती.

आता उलटा प्रश्न येतो. खूण इतकी टिकते, तर हिरोशिमात माणसं राहतात कशी? खूण टिकणं आणि धोका टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जी द्रव्यं तीव्र किरण सोडतात, ती लवकर संपतात. स्फोटानंतर सात तासांनी किरणोत्सार पहिल्या तासाच्या साधारण दहाव्या हिश्शावर येतो, दोन दिवसांनी शंभराव्या. त्या बॉम्बमधल्या सुमारे ६४ किलो युरेनियमपैकी एक किलोहूनही कमी दुभंगलं, आणि बरेचसे अवशेष उंच हवेत गेले. काही स्फोटानंतर पडलेल्या काळ्या पावसातून खाली आले. उलट, अपघात झालेल्या चेर्नोबिलच्या अणुभट्टीत सुमारे १९० टन इंधन होतं आणि ती कित्येक दिवस जळत राहिली. म्हणून तिथली जमीन आजही ओस आहे, आणि हिरोशिमात बारा लाखांच्या आसपास वस्ती आहे.

चेर्नोबिल म्हटलं की तारापूरच्या अणुवीज केंद्राची भीती निघते. वीज देणारी भट्टी अणुबॉम्बसारखी फुटू शकत नाही. युरेनियमच्या बॉम्बला साधारण ऐंशी-नव्वद टक्के युरेनियम-२३५ लागतं, तारापूरच्या जुन्या भट्ट्यांत ते दोन-तीन टक्के असतं. चेर्नोबिलला वाफेचा स्फोट झाला, फुकुशिमाला हायड्रोजन वायूचा. अपघाताची काळजी रास्तच आहे, ती किरणोत्सार बाहेर पडण्याची.

सगळ्यांत क्रूर गैरसमज मात्र वाचलेल्या माणसांनी सोसला. हिरोशिमात १९४५ अखेर सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. जगलेल्यांना जपानीत हिबाकुशा म्हणतात. त्यांच्यात रक्ताचा कर्करोग वाढला, पोटात असलेल्या काही बाळांच्या मेंदूची वाढ खुंटली. हे सगळं खरं. पण त्यांना पुढं होणारी मुलंही व्यंग घेऊनच जन्मतील, या समजापायी त्यांची लग्नं मोडली. अनेकांनी आपण त्या दिवशी तिथं होतो हे जन्मभर लपवलं. १९४८ पासून हिरोशिमा आणि नागासाकीत जन्मलेली सुमारे ७६ हजार बाळं डॉक्टरांनी तपासली. आईबापांना लागलेल्या किरणांमुळे व्यंगं वाढल्याचं त्यांत आढळलं नाही.